आधी पाणी, मग औषध: घरच्या टँकमधल्या माशांचे आजार

मासा मलूल दिसला की नव्याने टँक ठेवणारा पहिली धाव दुकानाकडे घेतो. तिथे निळ्या औषधाची बाटली मिळते, सोबत एखादी पिवळी पावडर, आणि "दोन झाकणं टाका, ठीक होईल" असा सल्ला. टँकचं पाणी निळं होतं, काचांच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि मासा तिसऱ्या दिवशी तरंगतो. औषध नकली होतं असं नाही. बहुतेकदा आजार दुसराच असतो, किंवा आजार नसतोच, पाणी बिघडलेलं असतं. त्यामुळे या लेखात पाणी आधी येईल आणि औषधं नंतर. घरातही हाच क्रम ठेवा.

इथे फक्त गोड्या पाण्याच्या टँकबद्दल लिहिलं आहे: गोल्डफिश, गप्पी, मॉली, फायटर, टेट्रा, एंजल आणि त्यांचे भाऊबंद.

रोज खाणं टाकताना काय बघायचं

आजारी मासा ओळखायचा तर आधी धडधाकट मासा नीट पाहिलेला असावा लागतो. त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको, खाणं टाकतानाची दोन मिनिटं पुरतात. सगळे वर आले का? एखादा कोपऱ्यात फिल्टरमागे थांबला का? कोणी खाणं तोंडात घेऊन थुंकतोय का? पर ताठ उघडे आहेत की अंगाला चिकटलेले? पर मिटून एका जागी हलणारा मासा म्हणजे पहिली घंटा. खडीवर किंवा पाइपवर अंग घासणं ही दुसरी. कल्ल्यांची उघडझाप नेहमीपेक्षा जोरात होत असेल तर ती तिसरी, आणि सगळ्यांत तातडीची.

काही गोष्टी उगाच घाबरवतात. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, तो त्यांचा स्वभाव आहे. गप्पीच्या मादीचं पोट फुगलेलं असतं आणि मागच्या बाजूला काळा डाग दिसतो, तेव्हा ती बहुधा गाभण असते. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे बारीक टिपके येतात. त्यांना व्हाइट स्पॉट समजून कित्येक तंदुरुस्त नरांवर औषधाचा मारा होतो. टिपके फक्त या दोनच जागी, रांगेत असतील आणि मासा उड्या मारत खात असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पाणी: अर्धे आजार इथेच थांबतात

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. त्यांची वसाहत बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. रविवारी टँक आणला, संध्याकाळी त्यात 12 मासे सोडले आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मे गेले, तर ती साथ नव्हती, अमोनिया होता.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असलं तरी त्यात अमोनिया असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी टेस्ट किट लागतं. थेंब टाकून रंग बघायचं किट घ्या, कागदी पट्ट्या दमट हवेत लवकर बिघडतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला 40 मिलिग्रॅमच्या) खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. पीएचही (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) बघा, कारण पीएच 7 च्या पाण्यात मासा जेवढा अमोनिया कसाबसा सोसतो, तेवढाच अमोनिया पीएच 8 ला जवळजवळ दहापट घातक ठरतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा फटका जास्त बसतो.

आता आपल्याकडचा खास घोटाळा. महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा करायचा, मासे बादलीत, खडी साबणाने धुऊन उन्हात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा, आणि ताजं पाणी भरून मासे परत. घर कसं लखलखीत दिसतं! पण त्या धुण्यात सगळे उपयोगी जिवाणू मोरीत गेलेले असतात. टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो आणि आठवड्याभरात पर कुजायला लागतात. साफसफाईवाला माणूस दर महिन्याला येऊन असंच करत असेल तर त्याला थांबवा.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा पाव टँक पाणी काढायचं. पाइपने खडीतला गाळ ओढत काढलं तर उत्तम. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज दोनतीनदा हलकेच दाबायचा, तपकिरी गाळ निघाला की पुरे. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातो. एवढी सवड नसेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन, ज्याला बरेच जण हायपो म्हणतात, बाटलीवरच्या मापाने टाका. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास येतो तेव्हा आणि टँकरचं पाणी आल्यावर हे विसरू नका. बादलीतल्या पाण्यात हात घालून बघा, दोन्ही पाणी सारखंच कोमट किंवा गार लागलं पाहिजे. पाणी काढण्याआधी हीटर बंद करा, नाहीतर उघडा पडलेला तापलेला हीटर नवं पाणी लागताच तडकतो.

खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणपतीला आठवडाभर गावी जाताना शेजारच्यांच्या हातात खाण्याचा डबा देऊन जाणं हा मला सगळ्यांत धोकादायक प्रकार वाटतो. शेजारी प्रेमाने मूठभर टाकतात आणि आपण येईपर्यंत टँकचं डबकं होतं. मोठे तब्येतशीर मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. फारच काळजी वाटत असेल तर कागदाच्या पुड्या करून ठेवा, एक दिवसाआड एक पुडी, आणि डबा कपाटात कुलूपबंद.

एक गोष्ट टँकच्या बाहेरची. डासांच्या कॉइलमध्ये, लिक्विडमध्ये आणि पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यात वापरतात ती पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. सोसायटीत धूरफवारणी होणार असेल तर टँक ओल्या चादरीने झाका, खिडक्या लावा आणि धूर विरेपर्यंत पंप बंद ठेवा. सगळे मासे एकाच वेळी तडफडू लागले तर आजाराच्या आधी अशा विषाचा संशय घ्यायचा. आजार सगळ्यांना एकाच मिनिटाला गाठत नाही.

नवा मासा थेट टँकमध्ये नको

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला दिसणारे बरेचसे मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याकडून पिशव्यांत बंद होऊन आलेले असतात. प्रवासाने दमलेला मासा दुकानात पहिले काही दिवस बरा दिसतो आणि मग आजार वर येतो. म्हणून "माल कधी आला?" हे आधी विचारा. काल आलेला मासा आज घेऊ नका. पसंत पडला तर थोडे पैसे देऊन राखून ठेवायला सांगा आणि आठवड्याने न्या. ज्या टँकमध्ये एकही मेलेला किंवा पर मिटलेला मासा असेल त्या टँकमधला दुसरा मासा कितीही सुंदर असला तरी नको, कारण पाणी एकच आहे.

घरी आणल्यावर तो 2 ते 4 आठवडे वेगळा राहायला हवा. त्यासाठी दुसरा काचेचा टँक घ्यायची गरज नाही. 20 ते 30 लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला मातीची कुंडी किंवा पाइपचा तुकडा, वर जाळी, आणि थंडीत छोटा हीटर एवढं पुरतं. स्पंज फिल्टर कायम मोठ्या टँकच्या कोपऱ्यात चालू ठेवा. मग गरज पडली की जिवाणूंसकट तयार स्पंज उचलून टबात ठेवता येतो. टबाची जाळी वेगळी ठेवा, मोठ्या टँकला तिचा स्पर्श नको.

पिशवी 15 ते 20 मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टबातलं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

मासा आजारी दिसला: पहिला तास

हे याच क्रमाने करा.

1. एअर पंप पूर्ण जोरात लावा. खोलीत धूर किंवा फवारा नसेल तर जास्त हवेने नुकसान होत नाही.

2. पाणी तपासा: अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान. किट नसेल तर बाटलीत नमुना घेऊन दुकानात तपासून आणा.

3. अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर निम्मं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आकडा शून्यावर येईपर्यंत. खाणं बंद. नायट्राइटने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. अशा वेळी थोडं मीठ कामी येतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही.

4. पाणी ठीक असेल तरच माशाकडे वळा. खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला तिरका लावून माशाच्या अंगावरून फिरवा. समोरून न दिसणारी धूळ, टिपके, चिकट थर या तिरक्या उजेडात दिसतो. फोटो काढून मोठा करून पाहा. वरूनही बघा, उभे राहिलेले खवले वरूनच आधी कळतात.

5. एकच मासा आजारी आणि बाकीचे ठणठणीत असतील तर त्याला टबात हलवा. व्हाइट स्पॉटला मात्र हे लागू नाही, तिथे इलाज सगळ्या टँकचाच.

औषध टाकायची वेळ आली तर आधी पाण्याचं माप काढा. टँकची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची, 1000 ने भागायचं, की लिटर मिळाले. 60 × 30 × 30 चा दोन फुटी टँक हिशेबाने 54 लिटरचा, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी 45 लिटरच्या आसपास असतं. औषध 45 लिटरचं. "दोन झाकणं" हे माप नव्हे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. आणि एका वेळी एकच औषध.

मीठ

घरातलं सगळ्यांत स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसं औषध. साधं जाडं मीठ घ्या, ज्यात गुठळ्या न होण्यासाठी काही मिसळलेलं नाही असं. सौम्य मात्रा लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 45 लिटरला 45 ग्रॅम, चहाचे सपाट नऊ चमचे. परजीवींसाठी लिटरला 2 ते 3 ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण ते 24 तासांत तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी मगात विरघळवून. सुके खडे माशावर पडले तर त्वचा भाजते.

गोल्डफिश, गप्पी आणि मॉली मीठ मजेत सोसतात. कोरीडोरस आणि लोच (दोन्ही तळाशी फिरणारे मासे) आणि टेट्रांना ते झेपत नाही, पाणवनस्पती तर पिवळ्या पडतात. नवशिके हमखास चुकतात ती जागा पुढची: मीठ वाफ होऊन उडत नाही. पाणी आटलं म्हणून वरून भरलं तर मीठ पुन्हा टाकायचं नाही. 10 लिटर काढून 10 लिटर घातलं तर फक्त त्या 10 लिटरचं मीठ टाकायचं.

आणि आजार नसताना "तब्येतीसाठी" दर आठवड्याला मूठभर मीठ टाकायची जी रीत आहे, ती मला पटत नाही. जे परजीवी मिठाने मरायचे, त्यांना सवय लावण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही.

व्हाइट स्पॉट, म्हणजे इक

अंगावर आणि परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे टिपके. आधी दोनचार, दोन दिवसांत शेकडो. मासा खडीला अंग घासतो. आपल्याकडे हा थंडीत आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यात जास्त दिसतो, कारण पाण्याचं तापमान एकदम खाली-वर झालं की माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरात हीटरशिवाय टेट्रा ठेवले तर गाठ बहुधा याच्याशीच.

इलाज जमायचा तर या परजीवीचा फेरा समजून घ्या. दिसणारा टिपका म्हणजे त्वचेच्या आत शिरून बसलेला परजीवी. तिथे त्याला कुठलंही औषध शिवत नाही. तो वाढतो, गळून खडीत पडतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत शेकडो पिल्लांत विभागला जातो. कवचातही तो सुरक्षितच. मग ती पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि त्यांना दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणूनच तिसऱ्या दिवशी टिपके गेले म्हणून औषध थांबवलं की आठवड्याने तिप्पट होऊन परत येतात. टिपके गेलेले नसतात, खाली जाऊन पिल्लं घालत असतात.

25 अंशांना हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतो. त्यामुळे पाणी गरम करणं हा इलाजाचा अर्धा भाग. हीटर दिवसाला 1 ते 2 अंश वाढवत 30 पर्यंत न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा एअर पंप जोरातच हवा. हीटर साधारण लिटरला 1 वॅट या हिशेबाने घ्या, आणि तापमान हीटरच्या आकड्यावर न सोडता वेगळ्या थर्मामीटरने बघा. गोल्डफिशला 30 अंश जड जातात, त्यांचं पाणी 26 च्या आसपास ठेवून मिठावर भर द्या.

सोबत मीठ सोसणारे मासे असतील तर लिटरला 2 ते 3 ग्रॅम मीठ. नसेल चालणार तर मॅलेकाइट ग्रीन असलेलं व्हाइट स्पॉटचं औषध बाटलीवरच्या मापाने. लोच आणि कॅटफिशसारख्या खवले नसलेल्या माशांना निम्मी मात्रा. मॅलेकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा, ते माणसाच्या अंगालाही चांगलं नाही. तांबं असलेली औषधं कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतात. निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, इथे कमजोर पडतं, शिवाय फिल्टरचे जिवाणू मारतं. त्याची खरी जागा अंड्यांवरच्या बुरशीसाठी वेगळ्या भांड्यात आहे.

एक दिवसाआड खडीतला गाळ ओढून पाव पाणी बदला, कवचातले परजीवी त्यातच बाहेर जातात. जेवढं पाणी काढलं तेवढ्याचं औषध परत घाला. शेवटचा टिपका दिसेनासा झाल्यावर आणखी पूर्ण आठवडा हाच क्रम. एकूण 10 ते 14 दिवस धरून चाला.

याचाच एक चुलतभाऊ वेल्व्हेट. टिपक्यांऐवजी तिरक्या टॉर्चमध्ये सोनेरी-तपकिरी धूळ दिसते, मासा धापा टाकतो. याच्या परजीवीत हरितद्रव्य असतं, त्यामुळे उष्णता आणि मिठासोबत टँकचा दिवा बंद करून तो कापडाने झाकून ठेवला तर मदत होते.

कापूस आणि कुजलेले पर

अंगावर पांढरा कापूस दिसला की सगळे "फंगस" म्हणतात. खरी बुरशी लांब, मोकळ्या तंतूंची असते आणि बहुधा जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर उगवते. ती सावकाश वाढते. तोंडाभोवती आखूड, करडट-पांढरा थर असेल, किंवा पाठीवर आडवा फिकट पट्टा पसरत असेल आणि कालचा एवढासा डाग आज दुप्पट झाला असेल, तर तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूंचा आजार. गप्पी आणि मॉलींत तो फार. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण व्हाइट स्पॉटला पाणी गरम करतात, तर कॉलम्नॅरिस गरम पाण्यात आणखी उसळतो. 30 अंशांवर नेलेल्या टँकमध्ये तो एकदोन दिवसांत मासे संपवतो. इथे तापमान 24 च्या आसपास उतरवायचं, पाणी बदलायचं, मीठ घालायचं आणि आजारी मासा ताबडतोब वेगळा करायचा.

पर कुजणं, म्हणजे फिन रॉट, हा बहुतेकदा खराब पाण्याचा पुरावा असतो. परांच्या कडा पांढुरक्या किंवा लालसर होतात, झिजत अंगाकडे सरकतात. फायटरच्या बाबतीत आधी बघा की कड सरळ फाटलेली आहे की कुरतडल्यासारखी झिजलेली. सरळ फाटली असेल तर प्लास्टिकच्या झाडाने किंवा दुसऱ्या माशाने फाडली आहे. काटेरी झाड काढा, भांडखोर वेगळा करा. झीज असेल तर दोन आठवडे रोज पाव पाणी बदला आणि लिटरला 1 ग्रॅम मीठ ठेवा. कडेला पारदर्शक नवा पर फुटताना दिसला की सुटलात. झीज परांच्या मुळापर्यंत पोचली तरच औषधाचा विचार.

पोट फुगणं आणि उलटं तरंगणं

गोल गुबगुबीत गोल्डफिश खाणं झाल्यावर तिरका होतो, कधी पोट वर करून तरंगतो. बऱ्याचदा हे अपचन असतं. वर तरंगणारे कोरडे दाणे गिळताना तो हवाही गिळतो आणि दाणे पोटात फुगतात. दोन-तीन दिवस उपास द्या. मग एक मटार मऊ उकडा, साल काढा, आतला गर चिमटीत दाबून दाण्याच्या आकाराचे तुकडे करा आणि एवढंच खायला घाला. पुढे दाणे वाटीत पाणी घेऊन पाच मिनिटं भिजवूनच द्या.

ड्रॉप्सी वेगळी. पोट फुगतं आणि खवले अंगापासून सुटून उभे राहतात. हे मूत्रपिंड काम करेनासं झाल्याचं लक्षण आहे, मागे जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. वेगळ्या टबात स्वच्छ पाणी आणि एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, यांनी सूज थोडी उतरते. खरं सांगायचं तर सगळे खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो.

डोळ्यांना दिसणारे किडे

गोल्डफिश आणि कोईच्या अंगातून दोऱ्यासारखी काडी बाहेर लोंबत असेल तर ते अँकर वर्म. ओल्या कापडात मासा धरून चिमट्याने मुळाशी पकडून ओढायचं, जखमेवर थोडं बीटाडीन लावायचं, कल्ल्यांना ते लागू द्यायचं नाही. गप्पीच्या गुदद्वारातून लाल बारीक दोरे डोकावत असतील तर ते कॅमलानस, म्हणजे आतड्यातले जंत. त्याला लेव्हामिसोल हे जंतनाशक लागतं, मिठाने काही होत नाही. ओली ट्युबिफेक्स (माशांना खायला घालतात ते बारीक लाल किडे) स्वस्त पडते म्हणून रोज दिली जाते, पण ती गटारी पाण्यातून येते आणि सोबत बरंच काही आणते. मी तरी सुकवलेलीच वापरायला सांगेन.

कॅप्सूल फोडण्याआधी

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टँकमध्ये फोडायची, हा सल्ला कुणीतरी देणारच. देऊ द्या. कठीण पाण्यात टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून निकामी होतं, फिल्टरचे जिवाणू मात्र घायाळ होतात, आणि अर्धवट मात्रेतून तगलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. अँटिबायोटिक द्यायचंच असेल तर पशुवैद्यकाला विचारून, वेगळ्या टबात, पूर्ण दिवस. मासे बघणारे पशुवैद्यक कमी आहेत हे खरं. मुंबईकरांना परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि कोकणात रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारणा करता येईल.

स्वतःच्या हातांचंही बघा. माशांना होणारा एक क्षयाचा प्रकार आहे, त्याचे जिवाणू हातावरच्या चिरेतून माणसात शिरतात आणि महिनोन्‌महिने न भरणारी गाठ उठते. हाताला जखम असेल तर लांब हातमोजे घाला, टँकचं काम झालं की साबणाने हात धुवा, आणि पाइप तोंडाने ओढून पाणी काढू नका. बोटावरची अशी गाठ डॉक्टरांना दाखवताना घरी मासे आहेत हे आवर्जून सांगा, नाहीतर निदान भलतीकडेच जातं.

जो वाचणार नाही त्याचं काय

टॉयलेटमध्ये फ्लश करणं किंवा बर्फात टाकणं दोन्ही क्रूर. मेडिकलमध्ये दातासाठी मिळणारं लवंगाचं तेल घ्या. एक लिटर टँकच्याच पाण्यासाठी 0.4 मिली तेल, आधी छोट्या बाटलीत कोमट पाणी घालून दुधी होईपर्यंत हलवायचं आणि मग मासा असलेल्या भांड्यात ओतायचं. मासा बेशुद्ध होतो आणि कल्ले थांबतात. कल्ले थांबल्यानंतरही किमान 10 मिनिटं तो तसाच ठेवा. नंतर कुंडीत खोल पुरा.

जिवंत मासा नको झाला म्हणून तलावात किंवा नदीत सोडणं हे पुण्यकर्म नाही. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा असाच टँकमधून बाहेर पडलेल्यांच्या जातीचा आहे. त्याला भाव नाही, आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. आजारी मासा सोडला तर त्याचा आजारही धरणात जातो.

घरात आधीच आणून ठेवा

व्हाइट स्पॉट बहुधा रविवारी रात्री दिसतो आणि दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून एका डब्यात हे असू द्या: टेस्ट किट, थर्मामीटर, अँटी-क्लोरीन, अर्धा किलो जाडं मीठ, व्हाइट स्पॉटच्या औषधाची एक छोटी बाटली, मिली मोजायला सुई काढलेली सिरिंज, चिमटा, जास्तीची जाळी आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप. टबाची आणि टँकची लिटरमधली मापं झाकणाच्या आतून चिकटवा. औषधाच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख मार्करने लिहा आणि बाटली टँकवरच्या दिव्याजवळ ठेवू नका, उजेडाने आणि उष्णतेने मॅलेकाइट ग्रीन फिकं पडतं.